दहा व्होल्टांचं भांडण

पेट्रोलचा काटा एकटाच खोटं सांगत असेल तर टाकीतल्या फ्लोटवर संशय घ्यावा. तापमानाचा एकटाच बिघडला असेल तर इंजिनाला लावलेल्या सेंडरवर. पण दोन्ही काटे एकदम आणि एकाच बाजूला खोटं बोलायला लागले, तर त्यांना पढवणारा तिसरा कुणीतरी मागे बसलेला असतो. १९७२ सालच्या ट्रायम्फ स्पिटफायर मार्क फोर या गाडीत हा तिसरा म्हणजे डॅशबोर्डमागची काडेपेटीएवढी पत्र्याची डबी. नाव व्होल्टेज स्टॅबिलायझर, काम दोन्ही मीटरांना दहा व्होल्ट पुरवणं. या डबीवरून कॉव्हेंट्रीतल्या एका शेडमध्ये मामा-भाचीची जुंपली होती. मी मामाचा मित्र, टॉर्च धरायला बसलेला. अधूनमधून तेल ओतण्याचं कामही केलं.

मामा मूळचा पुण्याचा, सत्तरी ओलांडलेला. सगळी नोकरी मोजमापाची यंत्रं दुरुस्त करण्यात गेली. भाची इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. टाटांनी २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर घेतल्यापासून पिंपरी-चिंचवड आणि इंग्लंडचा हा मिडलंड्स भाग यांच्यात इंजिनिअरांची जी ये-जा सुरू झाली, तिच्यातून ती इथे आलेली. गाडीही इथलीच. याच शहरातल्या कॅनलीच्या कारखान्यात १९६२ ते १९८० स्पिटफायर बनत होत्या. आकार इटलीच्या मिकेलोत्तीने काढलेला आणि खालची चासी हेरल्ड गाडीची, आखूड करून घेतलेली. आपल्याकडे मद्रासला तयार होणारी स्टँडर्ड हेरल्ड ती हीच. मामाचा या गाडीवर जीव का, हे त्याला विचारावं लागत नाही. लहानपणी हेरल्डच्या मागच्या सीटवर बसून त्याने बोरघाट चढलेला आहे, आणि पुढच्या सीटवरची सगळी मोठी माणसं रस्त्याऐवजी तापमानाच्या काट्याकडे बघत होती, हे तो अजून सांगतो.

तक्रार अशी होती : इंजिन गरम झालं की तापमानाचा काटा लाल खुणेला टेकायचा आणि पेट्रोलचा काटा टाकी भरल्याची खूण ओलांडून पलीकडे जायचा. भाचीने थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखला. ८४ अंश. थर्मोस्टॅटच ८२ चा, म्हणजे इंजिन ठणठणीत होतं.

भाची : मामा, ही डबी काढून टाक. मी रेग्युलेटर घालून देते. तीन पायांचा एक तुकडा, दोन कपॅसिटर. जेवायच्या आत होईल.

मामा : आधी तिला काय झालंय ते तर बघू.

भाची : काय झालंय? पन्नास वर्षं झालीत. अजून काय व्हायला हवं?

मामा : मलाही सत्तर झाली. मला बदलायचा विचार आहे का?

भाची : तुझे स्पेअर मिळत नाहीत. हिचे मिळतात.

इथे डबीच्या पोटात काय असतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं भांडण कळणार नाही. शाळेत पितळ आणि लोखंड चिकटवलेली पट्टी मेणबत्तीवर धरली की वाकते, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. या गाडीतलं मीटर म्हणजे तीच पट्टी. तिच्याभोवती बारीक तारेचं वेटोळं असतं. टाकीतल्या सेंडरमधून जेवढा प्रवाह येईल तेवढी तार तापते, पट्टी वाकते आणि काटा ढकलते. हे सगळं उष्णतेवर चालत असल्यामुळे संथ असतं. किल्ली फिरवल्यावर काटा जागेवर यायला अर्धा मिनिट घेतो, पण वळणावर टाकीतलं पेट्रोल हिंदकळलं तरी थरथरत नाही. त्याआधीची दोन गुंडाळ्यांची मीटरं झटपट होती आणि तेवढीच चंचल.

संथपणाची किंमत मात्र द्यावी लागते. तार किती तापणार हे गाडीच्या व्होल्टेजवर ठरतं, आणि ते कधीच एका जागी नसतं. गाडी उभी असताना साडेबारा, इंजिन धावताना चौदापर्यंत, रात्री हेडलाइट लावून सिग्नलला थांबलं की बाराच्या आसपास किंवा खालीही. तीच टाकी, तेवढंच पेट्रोल, आणि काटा तीन ठिकाणी. म्हणून मध्ये डबी बसवली. तिच्यातही पुन्हा तशीच पट्टी आणि तसंच वेटोळं, फक्त टोकाला काट्याऐवजी पॉइंट. पॉइंट मिटलेले असले की करंट मीटरांकडे जातो, शिवाय वेटोळ्यातून अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला, जातो. पट्टी तापते, वाकते, पॉइंट उघडतात. थंड होते, पुन्हा मिटतात. सेकंदाला साधारण एकदा ही उघडझाप. इस्त्रीचा दिवा लागतो-विझतो तसंच, फक्त कितीतरी भरभर.

म्हणजे ही डबी कधीच दहा व्होल्ट देत नाही. एकतर पूर्ण देते, नाहीतर शून्य. हे वाक्य लक्षात ठेवावं. भाचीची विकेट त्यावरच पडली.

बॅटरीची अर्थ तार काढून मामाने डॅशबोर्डमागे हात घातला. (हे सोडून चालत नाही. ब्रिटिश गाड्यांत तपकिरी तार बॅटरीवरून थेट येते, किल्ली बंद असली तरी जिवंत असते आणि बहुधा तिला फ्यूजही नसतो. पाना तिला आणि पत्र्याला एकदम लागला तर धूर पहिल्यांदा दिसतो, कारण नंतर.) हिरवी तार डबीत येणारी, किल्लीनंतरची आणि फ्यूजमधून आलेली. फिकट हिरवी डबीतून मीटरांकडे जाणारी. पुढे मीटरांकडून हिरवी-काळी टाकीकडे, हिरवी-निळी इंजिनाकडे. पन्नास वर्षांत रंग विटतात, तरी या गाडीत ओळखू येत होते. बॅटरी पुन्हा जोडून भाचीने फिकट हिरव्या तारेवर मल्टिमीटर लावला.

भाची : बारा पूर्णांक सहा. एकसारखा, हलत नाही. पॉइंट चिकटलेत. खेळ खलास. आता घालू का माझा?

मामा : पॉइंट चिकटले असतील, किंवा वेटोळं तापतच नसेल. तापायला करंट कुठे जायला हवा?

भाची : अर्थला.

मामा : डबीला अर्थ कुठून मिळतो?

भाची : तिच्या कानाच्या स्क्रूतून.

मामा : मग स्क्रू बघ.

स्क्रू घट्ट होता, पण त्याच्याखाली कुणीतरी कधीतरी केलेल्या रंगकामाचा थर होता आणि रंगाखाली गंज. पॉलिश पेपर फिरवला, पत्रा चकचकीत केला, स्क्रू परत लावला. मामाने एक जादा काळी तार डबीच्या कानापासून चांगल्या अर्थपर्यंत नेली, आणि ही तार मूळ गाडीत नव्हती हे मी त्याला लगेच सुनावलं. तो म्हणाला, तार निघते, रंग निघत नाही.

किल्ली फिरवली. मल्टिमीटरवरचे आकडे वेड्यासारखे नाचायला लागले. बारा, शून्य, बारा, पाच, शून्य. कान लावला तर बारीक टकटक.

भाची : थांब. याला सरासरीचं बटण आहे. (थोड्या वेळाने) सात पूर्णांक नऊ. बघ! दहा द्यायला हवेत, आठही देत नाही. मघाशी जास्त होतं, आता कमी. मामा, ही डबी मेलेली आहे, मान्य कर.

मामा : काटा बघ.

भाची : काट्याचं काय? काटा तर तिच्याच तालावर…

मामा : तापमानाचा काटा बघ. इंजिन अजून गरम आहे. कुठे आहे?

बरोबर मध्यावर होता. भाची गप्प झाली. मग तिने माझ्या हातातल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने गणित मांडलं, आणि ते मला इतकं आवडलं की पुठ्ठा मी घरी आणला.

भाची : ओके. मीटरला व्होल्टेज कळतच नाही, त्याला उष्णता कळते. उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात. दहा व्होल्टचा वर्ग शंभर. बारा पूर्णांक सहाचा वर्ग एकशे एकोणसाठच्या जवळ. म्हणजे दहा व्होल्टएवढी ऊब मिळायला पॉइंट त्रेसष्ट टक्के वेळ मिटलेले हवेत. आणि बारा पूर्णांक सहाचे त्रेसष्ट टक्के म्हणजे सात पूर्णांक नऊ. माझा मल्टिमीटर खरंच सांगत होता.

मामा : खरंच सांगत होता, पण तू त्याला भलताच प्रश्न विचारला होतास. इंजिन चालू कर. चौदा व्होल्टला सरासरी आणखी खाली जाईल.

भाची : सात पूर्णांक एकच्या आसपास. पॉइंट निम्म्याच वेळ मिटलेले. आणि काटा?

मामा : जिथे होता तिथेच.

ही डबी बनवणाऱ्यांनी उष्णतेवर चालणाऱ्या मीटराला उष्णतेवरच चालणारा राखणदार दिला, आणि दोघांच्या चुका एकमेकींत जिरवल्या. अशा कितीतरी डब्या निव्वळ मल्टिमीटरच्या साक्षीवर कचऱ्यात गेल्या असतील. पण म्हणून मामाचा विजय झाला असं कुणी समजू नये. मी इथे दाद देतोय ती तपासाच्या क्रमाला. डबी ठेवायची की बदलायची, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लकच होता, आणि भाचीकडे दारूगोळा होता.

भाची : ठीक आहे, चालू झाली. पण किती दिवस? सेकंदाला एकदा पॉइंट उघडतात. गाडी हजार तास चालली की छत्तीस लाख वेळा. प्रत्येक वेळी बारीकशी ठिणगी. पॉइंट जळतात, खड्डे पडतात, एक दिवस मिटतच नाहीत आणि दोन्ही काटे शून्यावर. किंवा चिकटतात आणि दोन्ही टोकाला. शिवाय ती टकटक रेडिओत येते.

मामा : गाडीत रेडिओ नाही.

भाची : शिवाय ती एका ठरावीक बाजूनेच बसवावी लागते, वरची बाजू वर. का, तर गरम हवा वर जाते आणि तिरकी लावली की हिशोब चुकतो. माझा तुकडा उलटा टांग, आडवा टांग, दहा व्होल्ट म्हणजे दहा व्होल्ट.

मामा : कुठला घालणार? ७८१०?

भाची : …हो.

मामा : त्याला दहा द्यायला आत किती लागतात?

भाची : साधारण बारा. दोन व्होल्ट तो स्वतः खातो. हेडलाइट लावून उभा राहिलास आणि बारा मिळाले नाहीत, तर काटा थोडा खाली येईल. मान्य. म्हणून मी कमी व्होल्टेज खाणारा दुसरा प्रकार घालीन.

मामा : ऊब कुठे टाकणार?

भाची : वरचे चार व्होल्ट, पाव अँपिअर धर, एक वॉट. डबीच्या पत्र्यालाच स्क्रूने आवळते. ७८१० ची पाठ अर्थच असते, चालतं. हीच गाडी धन-अर्थवाली असती तर ७९१० लागला असता, आणि त्याची पाठ अर्थ नसते. ती पत्र्याला टेकवली की फ्यूज गेला. साठच्या दशकातल्या गाड्यांत लोक नेमके तिथे फसतात. तुझी ऋण-अर्थवाली आहे, नशीब.

या दोघांना एकमेकांचं शास्त्र येतं, म्हणून ऐकायला मजा येत होती. पुष्कळदा अशा वादात एक जण 'जुनं ते सोनं' म्हणतो आणि दुसरा 'जमाना बदलला', आणि दोघांनीही डबी उघडून पाहिलेली नसते.

मामा : मला सांग, तुझा तुकडा गेला तर काय दिसेल?

भाची : काही दिसणार नाही. काळा प्लॅस्टिकचा चौकोन जसाच्या तसा.

मामा : माझी डबी गेली तर कडा उचकटून उघडता येते. पॉइंट जळलेले दिसतात, तार तुटलेली दिसते. बघून कळतं. पॉलिश पेपरचा तुकडा फिरवून कधीकधी चालूही होते. या गाडीत मला जे काही आवडतं ते हेच आहे की ती काही लपवत नाही.

भाची : पण मामा, काटा तुला खोटं सांगत होता आणि तू तीन आठवडे रस्त्याच्या कडेला थांबून बॉनेट उघडत होतास. गाडीने लपवलंच की! आणि इथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला २०१८ पासून दरवर्षीची एमओटी तपासणीही सक्तीची नाही. कुणी बघत नाही. मग हा काटाच तुझा तपासनीस. तो खरा असण्यापेक्षा पत्र्याची डबी मूळची असणं मोठं कसं?

मामाला याचं उत्तर पटकन सुचलं नाही. मलाही सुचलं नसतं. रोज किंवा लांब चालवायची गाडी असेल तर मी भाचीच्या बाजूचा आहे, हे सांगून टाकतो. कात्रज असो की वेल्सचे डोंगर, चढणीवर मला काटा खरा हवा. त्याच्या मागे पितळेची पट्टी आहे की सिलिकॉन, हे मी घरी आल्यावर विचारीन. मामाने मात्र निराळी वाट धरली.

मामा : घालायचाच झाला तर जुन्याच डबीत घालशील ना? बाहेरून ओळखू येणार नाही असा?

भाची : अर्थात. विकतही तसेच मिळतात, जुन्या आकाराचे.

मामा : ते मला खटकतं. मी गेल्यावर गाडी कुणीतरी घेईल. तो डबी बघेल, हँडबुक वाचेल, मल्टिमीटर लावेल, त्याला एकसारखे दहा दिसतील. आकडे नाचत नाहीत म्हणून म्हणेल पॉइंट चिकटले. त्याची दुपार वाया जाईल.

भाची : मग डबीवर लिहू. आत नवीन आहे, तारीख.

मामा : हे चालेल. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, त्या फिवाने, २०१२ मध्ये तुरीनची सनद केली, तिचंही म्हणणं हेच, की जे काम कराल त्याची नोंद ठेवा. नवीन घालू नका असं नाही.

भाची : म्हणजे तू तयार आहेस?

मामा : नोंदीला तयार आहे. डबी चालतेय तोवर डबीच.

यानंतर भाचीने खिशातून एलईडीचे बल्ब काढले, आणि इथे मात्र ती आधीच गृहपाठ करून आलेली होती. मीटरांच्या पोटातले मूळ दिवे सव्वादोन वॉटचे, बारीक स्क्रूच्या बुडाचे. त्यांचा उजेड इतका कमी की रात्री वेगाचा आकडा वाचायला डोळे बारीक करावे लागतात. तिने पिवळट एलईडी आणले होते, मामाने 'निळसर चालणार नाही' म्हणायच्या आत. उजेड कमीजास्त करायचं डॅशबोर्डवरचं बटण एलईडीला फारसं जुमानणार नाही, हेही तिनेच सांगितलं. मामाने ते घेतले. मला नवल वाटलं.

मामा : पण चार्जिंगचा लाल दिवा?

भाची : त्याला मी हात लावणार नाही. तो दिवा नुसता दिवा नाहीये. इंजिन सुरू होताना त्याच्यातून जो करंट जातो, त्याच्यावर अल्टरनेटर जागा होतो. सव्वादोन वॉट म्हणजे शंभर-दोनशे मिलिअँपिअर. एलईडीतून त्याचा दहावा हिस्सा. मग इंजिन रेस केल्याशिवाय चार्जिंग सुरूच होत नाही, आणि लोक अल्टरनेटर बदलून बसतात.

मामा : (माझ्याकडे बघून) ही शिकली.

भाची : मी आधीपासून शिकलेली आहे, मामा. मला पॉइंटवाली डबी माहीत नव्हती, एवढंच.

दिवे बदलून झाले. काटे आपापल्या जागी होते. मग मामाने पंपावरून टाकी गच्च भरून आणली, आणि पेट्रोलचा काटा पाऊणवर थांबला. पाच मिनिटं वाट पाहिली. पाऊणच.

भाची : आता अर्थ ठीक आहे, डबी ठीक आहे, तापमानाचा काटा बरोबर आहे. म्हणजे हा एकटाच खोटा. सेंडर.

मामा : मोज.

भाची : (डिकी उघडून, टाकीवरची तार काढून) पंचवीसच्या आसपास ओहम. भरल्या टाकीला एवढाच यायला हवा. सेंडर निर्दोष. मीटरच सरकलंय.

मामा : त्याच्या पाठीला दोन बारीक भोकं आहेत, बुचाच्या लाकडाने बंद केलेली. आत दाते असलेली पट्टी असते. एकाने रिकाम्याची खूण जुळते, दुसऱ्याने भरल्याची. एक हलवलं की दुसरं थोडं हलतं, म्हणून आलटून पालटून करावं लागतं.

भाची : आणि हे करायला स्थिर दहा व्होल्ट लागतात. टकटक करणारे नाहीत, काटा नेमका कुठे थांबला हे कळायला हवं. आहेत तुझ्याकडे?

मामाने उत्तर दिलं नाही. भाचीने दप्तरातून तळहाताएवढं सर्किट काढलं. ती ते आधीच झाळून घेऊन आली होती.

मामा : टेबलावर. गाडीत नाही.

भाची : टेबलावर. पण रिकाम्या टाकीचा ओहम किती, तो मला याच सेंडरचा हवा, पुस्तकातला नको. पुस्तकात अडीचशेच्या आसपास लिहितात. त्या 'आसपास'मध्ये तू हमरस्त्यावर बंद पडशील.

मामा : म्हणजे टाकी रिकामी करायची. आत्ता भरली.

भाची : तू भरलीस. मी विचारलं होतं का?

मामा : तू व्होल्टेज सांभाळ, बुचं मी काढतो. पेट्रोल हा काढेल.

हा म्हणजे मी. मी हातपंप कुठे आहे विचारलं.

मामा : त्या फळीखाली. आणि कॅन इथे नको, दाराबाहेर ने. जायच्या आधी तो हीटर बंद कर.